उतू जाणारी बारूद

ओजालांच्या घरातलं भांडण कॉफीच्या पहिल्या कपाला कधी सुरू होत नाही. पहिल्या कपाला सगळे मिळून सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याला शिव्या घालतात आणि नीसू पावात यंदा वेलदोडे जास्त झालेत की कमी, यावर डोकी हलवतात. भांडण दुसऱ्या कपाला. म्हणूनच क्लेटनने ठरवलं होतं की पहिला कप रिकामा झाला की उठायचं, सौनाची, वाफेच्या न्हाणीची, चूल बघून येतो म्हणायचं आणि मागच्या दाराने सटकायचं.

हे त्याने गाडीतच बायकोला सांगून टाकलं. व्हर्नाने गाडी आईच्या अंगणात उभी केली होती, पण उतरायचं नाव घेत नव्हती.

"सटकायचंच असेल तर येऊच नकोस," ती म्हणाली. "मी सांगते, त्याचं डोकं दुखतंय. मे महिन्यापासून या घराचं नाव काढलं की तुझं डोकंच दुखतंय."

"डोकं नाही गं दुखत. लाज वाटते."

"किती दिवस?"

"ते तुझ्या बाबांचं रिव्हॉल्व्हर होतं, व्हर्ना. ओन्नींनी उभा जन्म जपलं. त्यांच्या नावाने दर मे महिन्यात तुम्ही सगळे त्यातून सहा-सहा बार काढता, देवाला नैवेद्य दाखवावा तसे. आणि मी पुलापलीकडून आलेला, तुमच्या भाषेत पुलाखालचा दीडशहाणा, त्याचे तुकडे करून मोकळा झालो."

"तुझ्या अंगठ्याचेही झाले, ते नाही धरत कुणी."

क्लेटनने डावा हात खिशात घातला. सांध्याच्या वरचा अंगठा आता नव्हता. सलूनमध्ये तो कंगवा दोन बोटांच्या बेचक्यात धरायला शिकला होता. ते जमलं. जे जमत नव्हतं ते वेगळंच. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक आरशात बघून तोंडाने हळूच 'ठुस्स' असा आवाज काढायचं, आणि बाकावरची सगळी मंडळी खो-खो हसायची. "ऐकू आलं का रे, क्लेटन?" गिऱ्हाईकच ते, त्यालाही हसावं लागे. गावात झाडून सगळ्या पुरुषांचे केस तोच कापतो, त्यामुळे ती गोष्ट माहीत नाही असा पुरुष गावात उरला नव्हता. काडतुसात बारूद नसली की बार ठुस्स होतो, गोळी नळीतच अडकते. अशा वेळी हात खाली करायचा असतो. क्लेटनने न ऐकता पुढचा बार उडवला आणि सासऱ्याचं रिव्हॉल्व्हर हातात फुटलं. न्हावी बोलतो फार आणि ऐकत नाही, असा त्याचा अर्थ गावाने लावला होता.

"आईने तुला मुद्दाम बोलावलंय," व्हर्ना म्हणाली. "फोनवर दोनदा म्हणाली, क्लेटनला आण. चल, उतर."

स्वयंपाकघरात रेनो आधीच बापाच्या खुर्चीत बसला होता. व्हर्नाच्या आईचा, लेम्पी ओजालाचा, हा थोरला मुलगा. ओन्नी गेल्यापासून तळघरातलं काडतुसं भरायचं बाक त्याच्याकडे आलं होतं, आणि त्या बाकाबरोबर घरातल्या प्रत्येकाला चार शब्द सुनवायचा हक्कही. त्याची बायको मार्लिस पाव कापत होती. तिने क्लेटनला पाहिलं आणि जरुरीपेक्षा मोठ्याने म्हणाली, "अरे वा! जावईबापू उगवले!"

"ये क्लेटन, बस," रेनो म्हणाला. आवाज मोठा होता, पण नजर पावावर होती.

लेम्पी स्टोव्हजवळ उभी होती. ऐंशी उलटलेली, काटकुळी बाई. फेब्रुवारीत बर्फावर घसरून तिने उजवं मनगट मोडून घेतलं होतं. प्लास्टर निघालं, पण हात पूर्वीचा राहिला नव्हता. तिने जावयाच्या गालाला हात लावला आणि काही न बोलता कॉफी ओतली. पहिला कप हवामानात गेला. क्लेटन उठायच्या बेतात होता तेवढ्यात लेम्पी म्हणाली, "सौना मी पेटवलाय. कुणी जायला नको. बसा सगळे."

झालं. क्लेटन बसला.

"गुरुवारपासून क्लबात बायकांची स्पर्धा सुरू होतेय," लेम्पी म्हणाली. "मी उतरणार आहे. डॉक्टर नको म्हणतो, त्याला म्हणू दे. माझं छोटं रिव्हॉल्व्हर आहे, ते धडधाकट आहे. पण मनगटाला धक्का सोसत नाही. मला सरावाला मऊ काडतुसं हवीत, अगदी मऊ. रेनो भरेल. बारूद कोणती घालायची ते आज ठरवू."

"यात ठरवायचंय काय?" रेनो हसला. त्याने खालून आणलेला पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. रंग उडालेला, झाकणाला ओन्नीच्या हातची चिकटपट्टी. "बाबांची बारूद. तू जन्मभर हीच उडवलीस."

"मी दुसरी आणलीय." व्हर्नाने पिशवीतून प्लॅस्टिकची बरणी काढून डब्याशेजारी ठेवली.

"एका वेळी एकच डबा," रेनो तडकला. "बाबांचा नियम माहीत आहे ना? बाकावर दोन डबे म्हणजे घोटाळ्याला आमंत्रण."

"हे बाक नाही," लेम्पी म्हणाली. "हे माझं जेवायचं टेबल आहे. राहू दे."

रेनोने कप पुढे सरकवला. मार्लिसने त्यात दुसऱ्यांदा कॉफी ओतली.

"हे बघ," तो बहिणीला म्हणाला, शाळामास्तराच्या थाटात. "मऊ बार म्हणजे थोडी बारूद. बाबांची बारूद झटकन जळते, चिमूटभर पुरते. थोडी घातली तरी बार एकसारखे पडतात. डबा तर संपता संपत नाही. तुझी ही फुगीर बारूद कापसासारखी. मऊ बारात ती धड जळतसुद्धा नाही, नळी काळी करून ठेवते."

"काळी नळी पुसता येते."

लेम्पीच्या हातातला चमचा बशीवर वाजला. कुणाचं लक्ष गेलं नाही.

"उगाच काहीतरी," मार्लिस नवऱ्याच्या मदतीला धावली. "व्हर्ना, तुला क्लबातल्या त्या नव्या बायांनी शिकवलेलं दिसतंय. बाबा इतकी वर्षं भरत होते, कधी काही झालं का?"

"बाबांच्या हातून नाही झालं," व्हर्ना म्हणाली.

तिला खरोखर एवढंच म्हणायचं होतं की बाबा सावध होते. पण रेनोचं तोंड घट्ट मिटलं. क्लेटनने मान खाली घातली. त्याला वाटलं, टोमणा आपल्यालाच आहे.

रेनोलाही तसंच वाटलं होतं, फक्त त्याला तो टोमणा खरोखरच लागू होता.

मे महिन्यातली ती सकाळ तो दिवसातून कितीदा आठवायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. बाकाशी रेडिओ नको, बिअर नको, गप्पा नकोत, हा बापाचा दंडक. रेनोने रेडिओ लावला होता. बेसबॉलची मॅच रंगात आली होती. फळीच्या भोकांत काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या उभ्या मांडलेल्या, एकेक माप बारूद एकेकीत टाकत तो चालला होता, आणि मार्लिसने जिन्यावरून हाक मारली, "फोन!" तो वर गेला. खाली आला तेव्हा कुठे थांबलो होतो ते आठवेना. शहाण्या माणसाने सगळ्या पुंगळ्या उलट्या केल्या असत्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली असती. निदान प्रत्येकीत टॉर्च मारून बघितलं असतं. तेही बापाने शिकवलं होतं. पण बापाची बारूद पुंगळीच्या तळाशी तपकिरीच्या चिमटीएवढी बसते. एक माप काय, दोन मापं काय, वरून बघणाऱ्याला अंधारच. रेनोने अंदाजाने एक पुंगळी धरली आणि पुढे चालू लागला. अंदाज एका घराने मागे पडला.

दुपारी क्लेटनच्या हातात जो बार झाला तो ठुस्स नव्हताच. त्याच्या आधीचा बारही चांगला खणखणीत होता. रेनो मागेच उभा होता, त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. रिव्हॉल्व्हरचं चक्र उकललं, वरची पट्टी उडाली, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की हे दुहेरी माप, हे आपलं काम.

आणि तरी इस्पितळाच्या बाकावर, व्हर्ना रडत असताना, त्याच्या तोंडून निघालं, "आधीचा बार ठुस्स झाला होता गं. मी ऐकला. एखादी पुंगळी माझ्या हातून रिकामी राहिली असेल, मान्य आहे. पण आवाज वेगळा आला की हात खाली घ्यायचा, हा बाबांचा पहिला धडा." लहान चूक पदरात घेतली आणि मोठी दुसऱ्याच्या गळ्यात घातली. किती सोपं होतं! क्लेटनने कानांवर जाड कानटोप्या लावल्या होत्या. त्याने मेहुण्यावर विश्वास ठेवला. रिव्हॉल्व्हरचे अवशेष रेनोने सरोवरात नेऊन बुडवले. "बघवत नाही," म्हणाला.

मग पुढच्या रविवारी क्लेटन पट्टी बांधलेला हात घेऊन याच स्वयंपाकघरात आला होता. फ्रिजशेजारी उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "रेनो, तुझ्या बाबांची आठवण मी मोडली. मला माफ कर." त्याला हुंदका आवरेना. रेनोने उठून त्याच्या पाठीवर थाप मारली होती. "होतं रे असं. सोडून दे." ती थाप आठवली की रेनोला आपला हात धुवावासा वाटायचा.

"थांबा, दाखवतेच," व्हर्ना म्हणाली. पिशवीतून तिने मूठभर रिकाम्या पुंगळ्या काढल्या. ठिणगी देणाऱ्या टोप्या बसवलेल्या नव्हत्या, नुसतं पितळ. तळाच्या भोकांना मेण लावून तिने त्या टेबलक्लॉथवर उभ्या केल्या. "आधी माझी."

फुगीर बारुदीचं एक माप तिने पहिल्या पुंगळीत ओतलं. बारूद अर्ध्याच्या वर आली, नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

"आता मी विसरले. फोन आला, पोर रडलं, दूध जळलं, काही का असेना. मी पुन्हा ओतते."

दुसरं माप पुंगळीत मावलंच नाही. दूध उतू जावं तशी बारूद काठावरून सांडली आणि टेबलक्लॉथवरच्या निळ्या फुलांवर करडी होऊन पसरली.

"चूक झाली की ही बोंब मारते," व्हर्ना म्हणाली. "आता बाबांची." डबा उघडून तिने एका पुंगळीत एकदा ओतलं, दुसरीत दोनदा, दोन्ही मुठीत घेऊन मागेपुढे केल्या आणि वहिनीसमोर ठेवल्या. "मार्लिस, सांग. दोनदा कोणतीत आहे?"

मार्लिसने चष्मा वर केला, खाली केला. "ही," ती म्हणाली. मग, "नाही, ही असेल." त्या अंधाऱ्या पितळी भोकात बघता बघता तिला स्वतःचीच हाक ऐकू आली. जिन्यावरून, मे महिन्यातल्या सकाळची. खालून मॅचचा गलका येत होता आणि आपण म्हणालो होतो, "अहो तो रेडिओ बंद करा, तुमच्या बहिणीचाच फोन आहे, किती वाजता यायचं विचारतेय!" तिने झटकन नवऱ्याकडे पाहिलं. तिचा नवरा टेबलावर सांडलेल्या बारुदीकडे बघत होता, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. सदतीस वर्षांच्या संसारात त्या पाळ्या तिने पुष्कळ वाचल्या होत्या.

"आणखी पाव कापू का?" मार्लिस म्हणाली. तिचा आवाज चिरका आला.

"पाव राहू दे," लेम्पी म्हणाली. "रेनो, तू सांग. दोनदा पडली तर या डब्यातली कळते का?"

"बघणाऱ्याला कळते."

"आणि न बघणाऱ्याला?"

"आई, तू उलटतपासणी घेतेयस की काडतुसं मागतेयस?"

लेम्पी उत्तर देणार होती. उत्तर तिच्या ओठांवर होतं. त्या दुपारी क्लेटनला गाडीत घालून सगळे इस्पितळाकडे पळाले आणि अंगणात ती एकटी उरली. गवतातून तिने नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर उचललं. तीन दशकं क्लबात नेम धरलेली बाई, तिने नळी आकाशाकडे धरून आतून बघितलं. आत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी आली तर नळी फुगते, उंदीर गिळलेल्या सापासारखी. ही नळी सुतासारखी सरळ होती, दुसऱ्या टोकाला स्वच्छ गोल उजेड. तेव्हाच तिला समजलं. मग मुलगा इस्पितळातून ती गोष्ट घेऊन आला, आणि तिने ती गोष्ट ऐकून घेतली. पोटचा पोर, बापाच्या खुर्चीत नुकता कुठे बसायला लागलेला. आणि जावई? तो परका, पुलाखालचा, गरीब स्वभावाचा. सोसेल तो. होय, तिने नेमकं हेच मनात म्हटलं होतं, सोसेल तो, आणि स्वतःच्या या दोन शब्दांची तिला सगळा उन्हाळाभर किळस येत होती. आज तिने सगळ्यांना या टेबलाशी आणून बसवलं होतं, ते तिला बोलावं लागू नये म्हणून. बारूद बोलेल, रेनो बोलेल, कुणीही बोलेल. आताही उत्तर ओठांवर आलं आणि तिने ते कॉफीबरोबर गिळलं.

आणि मग बोलला तो क्लेटन.

"मला वाटतं, रेनो म्हणतो ते बरोबर आहे," तो म्हणाला.

व्हर्नाने वळून पाहिलं. "काय?"

"बारुदीला कशाला नावं ठेवायची? माझ्यामुळे आता या घरात बाबांच्या डब्यावरही संशय यायला लागला. हे मला बघवत नाही गं. आवाज मी ऐकला नाही, दोष माझा. रेनोने इतकी वर्षं आपल्या सगळ्यांसाठी भरलंय, त्याला त्याच्या हातची सवय आहे ती वापरू दे. आई, तुम्ही निर्धास्त उडवा. बार जरा वेगळा वाटला की हात खाली घ्या, बस्स. मी केलं ते करू नका." आणि तो हसला, सलूनमध्ये हसायचा तसा. "ठुस्स झालं की थांबायचं."

त्याने स्वतःच तो आवाज काढला. गंमत म्हणून, सगळ्यांना मोकळं वाटावं म्हणून.

रेनो उठला. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. त्याने बापाच्या डब्याचं झाकण लावलं, डबा उचलला, परत ठेवला. काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

"आईसाठी व्हर्नाची बारूद घेऊ," तो म्हणाला. "फुगीर."

"अरे पण आत्ताच तू—" क्लेटन म्हणाला.

"दोनदा पडली तर उतू जाते. दिसते." त्याने बापाचा डबा दूर सरकवला. "बाबांची दिसत नाही. मला नाही दिसली."

क्लेटन अजून हसत होता, कारण त्याला अजून कळलं नव्हतं.

"ठुस्स आवाज झालाच नव्हता, क्लेटन," रेनो म्हणाला. "कुठलाच बार ठुस्स नव्हता. मी ते बनवून सांगितलं. दुहेरी माप मी घातलं होतं. रेडिओ ऐकत होतो."

क्लेटनच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. त्याने डावा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे असा पाहत राहिला, की जणू दुसऱ्या कुणाचा हात चुकून इथे राहून गेलाय.

"हरामखोर," व्हर्ना हळूच म्हणाली. आयुष्यात तिने भावाला हा शब्द पहिल्यांदाच वापरला. "हा माणूस झोपेत दचकून उठतो. 'मी ऐकायला हवं होतं' म्हणतो. मीसुद्धा त्याला म्हटलं, जरा लक्ष दिलं असतंस तर! माझ्या तोंडून वदवलंस तू!"

"फोनवर बोलवायला मीच ओरडले होते," मार्लिस रडत म्हणाली. "पण मला माहीत नव्हतं, खरंच नव्हतं. आत्ता... आत्ता कळलं."

"तू गप्प बस, मार्लिस. तुझा काय संबंध!" रेनो म्हणाला. मग क्लेटनकडे वळून, "मला माफ कर."

"मी तुझी माफी मागितली होती," क्लेटन म्हणाला. तो ओरडला नाही, ओरडणं त्याला येतच नाही. "तिथे, फ्रिजपाशी उभा राहून. आणि तू ती घेतलीस."

"घेतली."

"पाठ थोपटलीस माझी."

"हो."

"मग माझी मला परत दे. इथे नको. इथे घरातलीच माणसं आहेत. उद्या शनिवार आहे. हरणांचा हंगाम तोंडावर आलाय, सकाळी माझी बाकं भरलेली असतात. तिथे ये आणि तिथे दे."

"क्लेटन, गावासमोर..." मार्लिसच्या तोंडून निघून गेलं.

"माझी अब्रू गावासमोरच गेलीय," तो म्हणाला. तो उठला, टोपी घेतली, आणि सासूकडे बघून म्हणाला, "आई, तुमच्या काडतुसांचं ठरलं ना? बरं झालं." लेम्पीला त्याच्याकडे बघवेना. तिने टेबलावर सांडलेली बारूद ओल्या फडक्याने टिपायला घेतली, आणि ती टिपून संपली तरी फडकं फिरवत राहिली.

त्या दिवशी सौना तापून तसाच थंड झाला. ओजालांच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेनो गाडी काढायला गेला तर लेम्पी आधीच आत बसून होती. चर्चचा कोट, डोक्याला रुमाल.

"तू कशाला येतेस, आई? तुझा काय अपराध? थंडी बघ किती आहे."

"चल," ती म्हणाली.

सलून खचाखच भरलं होतं. खुर्चीत म्हातारा सावेला, गळ्याशी पांढरं कापड. दारावरची घंटी वाजली, रेनोला पाहून सावेलाला चेव आला. त्याने आरशात क्लेटनकडे बघत गाल फुगवले. "ठुस्स!" बाकावर हशा पिकला. "घ्या, रेनोच आला! विचारा त्याला, त्याने तर ऐकलं होतं!"

रेनोने टोपी काढली. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून हातातच चुरगाळत राहिला. ही सगळी त्याची माणसं. याच्याबरोबर शिकार, त्याच्याबरोबर मासेमारी, निम्म्यांना त्याने काडतुसं भरून दिलेली. एकदा त्याला वाटलं, पुढच्या शनिवारी येऊ. मग आरशात त्याला क्लेटनचा हात दिसला, दोन बोटांच्या बेचक्यात कंगवा धरलेला.

"नाही ऐकलं," रेनो म्हणाला. "ऐकण्यासारखं काही नव्हतंच. मी खोटं बोललो. ते काडतूस मी भरलं होतं, त्यात दुप्पट बारूद होती. मी बघितलं नाही, रेडिओ ऐकत बसलो होतो. क्लेटनची काहीएक चूक नव्हती. त्याचा अंगठा माझ्यामुळे गेला, आणि त्यानेच माझी माफी मागितली, आणि मी ती घेतली. आज इथे तुम्हा सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागतोय. ज्यांच्याकडे माझ्या हातची काडतुसं असतील त्यांनी ती उडवू नका. माझी मला आणून द्या."

सावेला खुर्चीत आक्रसून बसला. हसलेली माणसं आता आपापल्या बुटांकडे बघत होती. हसायला तीही होती ना, सगळा उन्हाळाभर. क्लेटनने मान हलवली, एकदाच. माफ केलं असं तो म्हणाला नाही. त्याने मशीन सुरू केलं आणि सावेलाच्या मानेवर टेकवलं.

झालं, असं सगळ्यांना वाटलं. रेनोलाही वाटलं. तो वळला आणि आईला दारासाठी हात देऊ लागला. पण लेम्पीने हात घेतला नाही. ती दुकानाच्या मध्यावर येऊन उभी राहिली, दुखऱ्या मनगटाला दुसऱ्या हाताने धरून.

"माझंही ऐका," ती म्हणाली. "क्लेटन, ते मशीन बंद कर रे."

त्याने बंद केलं.

"ते रिव्हॉल्व्हर गवतातून मी उचललं होतं. नळी उजेडाला धरून बघितली. सरळ होती. गोळी अडकलीच नव्हती, हे मला त्याच दुपारी कळलं होतं."

"आई!" रेनोच्या तोंडून निघालं.

क्लेटनने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. तो आरशातच तिच्याकडे बघत राहिला.

"त्याच दुपारी," तो म्हणाला. "म्हणजे त्या रविवारी मी तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहून रडत होतो, तेव्हा..."

"तेव्हा मी तुझ्यासाठी कॉफी ओतत होते," लेम्पी म्हणाली. "आणि मला माहीत होतं."